कॅमेऱ्यातील आरसा आणि माणसाचा चेहरा



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावर साहित्य, इतिहास, अर्थकारण, अध्यात्म अशा भारदस्त विषयांची वर्दळ असते. त्या मानाने आमचा आजचा विषय कारागिराच्या दुकानातला आहे. कॅमेऱ्यात एक आरसा असे. अलीकडच्या कॅमेऱ्यांतून तो निघून गेला आहे. तो गेल्यामुळे माणसाच्या चेहऱ्याचे छायाचित्र काढण्याच्या कामात काय बदलले, एवढेच आम्हांला सांगायचे आहे. या गोष्टीत सर्वसामान्य नागरिकाला कसली गोडी, असे कोणी विचारील. त्यावर आमचे उत्तर असे की, या सभागृहात हौसेने किंवा पोटासाठी फोटो काढणारे दहा-पाच असतील. परंतु ज्यांचा फोटो कधी ना कधी काढला जाणार आहे, असे तर आपण सगळेच आहोत.

आणि हा प्रश्न हौसेपुरताही नाही. आपापल्या घरातल्या भिंतीवरचा, हार घातलेला एखादा फोटो डोळ्यांपुढे आणा. पुष्कळ घरांत तो फोटो कोणत्या तरी लग्नातल्या ग्रुपफोटोतून कापून मोठा केलेला असतो. नीट निरखले तर खांद्याशी दुसऱ्याच कोणाच्या शालूचा काठ दिसतो, मागे मांडवाची झालर दिसते, आणि चेहरा इतका ताणून मोठा केलेला असतो की, डोळ्यांच्या जागी नुसती छाया उरते. ज्या आजीने सत्तर-ऐंशी वर्षे घर सांभाळले, तिला एकदा खुर्चीवर बसवून, चार शब्द बोलून, तिचा असा एक फोटो काढावा हे कोणाला सुचले नाही. ती गेल्यावर मग धावाधाव होते. तेव्हा व्यक्तिचित्र, म्हणजे ज्याला आपण सरळ पोर्ट्रेट म्हणतो ते, चांगले कसे निघते आणि नव्या यंत्राने त्याला काय साह्य होते, हा विचार प्रत्येक घराच्या उपयोगाचा आहे.

प्रथम हा आरसा कॅमेऱ्यात आला कशाकरिता, ते पाहू. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची छायाचित्रणाची रीत जाहीर झाली. त्या वेळी प्रकाशाचा ठसा उमटायला मिनिटे लागत. माणसाने हलू नये म्हणून त्याच्या डोक्यामागे लोखंडी आधार लावीत. पुढच्याच वर्षी, १८४० मध्ये, व्हिएन्नाचा गणिती पेट्झव्हाल याने खास चेहऱ्यांच्या छायाचित्रासाठी पुष्कळ प्रकाश आत घेणारे भिंग गणिताने सिद्ध केले, आणि बसणाऱ्याचा छळ बराच कमी झाला. त्या कॅमेऱ्यात मागे घासलेली काच असे. छायाचित्रकार काळ्या कापडात डोके घालून त्या काचेवर माणसाची उलटी प्रतिमा पाही, ती रेखीव करून घेई, आणि मग त्या काचेच्या जागी रसायन लावलेली पट्टी बसवी. पट्टी बसवली की त्याला कॅमेऱ्यातून काहीच दिसत नसे. म्हणून तो कापडातून बाहेर येई, कॅमेऱ्याच्या शेजारी उभा राही, समोरच्या माणसाकडे उघड्या डोळ्यांनी पाही, आणि योग्य क्षण वाटला की भिंगावरचे टोपण काढी. त्याची ही उभे राहण्याची जागा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. व्याख्यानाच्या उत्तरार्धात तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

या रीतीत एक अडचण होती. पाहणे आणि टिपणे या दोन क्रियांत खंड पडे. मधल्या वेळात माणूस चार बोटे पुढे सरकला, तर छायाचित्रकाराला ते कळण्याचा उपाय नसे. ही अडचण दूर करण्यासाठी १८६१ साली टॉमस सटन या इंग्रज छायाचित्रकाराने एक युक्ती पेटंट केली. भिंग आणि पट्टी यांच्यामध्ये तिरका आरसा ठेवायचा. भिंगातून आलेला प्रकाश आरसा वर फेकील, तेथे प्रतिमा पाहायची. आणि टिपायच्या क्षणी आरसा बाजूला करायचा. एका कल्पनेचे यंत्र सर्वांच्या हाती यायला किती काळ जातो पाहा. ३५ मिलिमीटर फिल्मचा एक्झाक्टा हा आरशाचा कॅमेरा १९३६ साली ड्रेस्डेनहून आला. त्याच शहरातून १९४९ मध्ये आलेल्या कॉन्टॅक्स एस या कॅमेऱ्यात आरशावर पंचकोनी लोलक बसवला होता. त्यामुळे कॅमेरा डोळ्याला लावून, प्रतिमा सुलटी पाहणे शक्य झाले. तरीही एकदा वर गेलेला आरसा वरच राही, आणि पुढची फिल्म ओढीपर्यंत डोळ्यापुढे अंधार. १९५४ साली जपानच्या असाहिफ्लेक्स कॅमेऱ्यात आरसा आपोआप तत्काळ खाली येऊ लागला. १९५९ च्या निकॉन एफ या कॅमेऱ्यापासून व्यावसायिक छायाचित्रकारांनी हा प्रकार मोठ्या प्रमाणावर स्वीकारला. १९९१ साली कोडॅकने निकॉनच्याच कॅमेऱ्यात फिल्मऐवजी सेन्सर, म्हणजे प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारी चकती बसवून दाखवली, आणि २००३ च्या कॅनन ३००डी नंतर असा कॅमेरा हौशी माणसाच्याही आवाक्यात आला. फिल्म गेली, आरसा राहिला. यालाच आपण डीएसएलआर म्हणतो. आपल्या गावोगावच्या स्टुडिओंत आणि लग्नमंडपांत पुढे जो काळा, जड कॅमेरा दिसू लागला, तो हाच.

या आरशाची निंदा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. त्याने जे दाखवले ते खरे दाखवले. समोरच्या चेहऱ्यावरून निघालेला प्रकाश भिंगातून, आरशावरून, लोलकातून थेट आपल्या डोळ्यांत येत असे. मध्ये विजेचा खेळ नाही, विलंब नाही. परंतु पोर्ट्रेटच्या कामात त्याच्या तीन मर्यादा होत्या, आणि त्या कळल्या म्हणजे पुढचे सारे कळते.

पहिली मर्यादा अशी की, ज्या क्षणी चित्र टिपले जाते नेमक्या त्याच क्षणी आरसा वर गेलेला असतो, आणि छायाचित्रकाराला काही दिसत नाही. पापणी लवावी तेवढाच हा अंधार. पण समोरच्याची पापणीही त्याच क्षणात लवते! चित्रात डोळे मिटले की उघडे, हे नंतर तपासावे लागते.

दुसरी मर्यादा फोकसची. आरशाच्या कॅमेऱ्यात आपोआप फोकस करणारे यंत्र सेन्सरवर नसते. मुख्य आरशाचा काही भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून जाणारा प्रकाश मागच्या एका छोट्या आरशावर पडतो, तेथून कॅमेऱ्याच्या तळाशी जातो, आणि तेथे बसवलेले यंत्र अंतर ठरवते. म्हणजे मोजमाप एका वाटेने आणि चित्र दुसऱ्या वाटेने. या दोन वाटांची लांबी केसभर जरी कमीजास्त झाली, तरी फोकस डोळ्याच्या पुढे किंवा मागे पडतो. जाणते लोक प्रत्येक भिंगासाठी ही चूक मोजून कॅमेऱ्यात दुरुस्ती भरून ठेवीत.

कोणी म्हणेल, केसभराने काय बिघडते? तर थोडा हिशेब पाहू. चेहऱ्यासाठी ८५ मिलिमीटरचे भिंग फार पसंत केले जाते. ते एफ १.४ इतके पूर्ण उघडून, दीड मीटरवर बसलेल्या माणसाचा फोटो घेतला, तर रेखीव दिसणारी खोली जेमतेम अडीच सेंटिमीटर भरते. म्हणजे एक इंच. फोकस डोळ्यावर असेल, तर नाकाचे टोक आणि कान दोन्ही मऊ होऊन जातात, मागची भिंत विरघळते, आणि सारे लक्ष डोळ्यांवर खिळते. याच गुणासाठी लोक महागडी भिंगे घेतात. परंतु त्याच एक इंचात फोकस थोडा मागे सरकला, तर कानाजवळचे केस स्वच्छ आणि डोळा धूसर! असा फोटो कितीही सुंदर प्रकाशात काढला, तरी पाहणाऱ्याला तो चुकल्यासारखाच वाटतो. कारण आपण माणसाच्या चेहऱ्याकडे पाहताना आधी डोळ्यांकडे पाहतो.

तिसरी मर्यादा जागेची. फोकसचे बिंदू चौकटीच्या मधल्या भागात दाटीने बसवलेले असत. उभ्या पोर्ट्रेटमध्ये डोळा वरच्या टोकाकडे येतो, आणि तेथे पुष्कळदा बिंदूच नसतो. मग मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस करायचा, बटण अर्धे दाबून धरायचे आणि कॅमेरा खाली झुकवायचा. या झुकवण्यात आठ-दहा मिलिमीटरचा फरक सहज पडतो. अडीच सेंटिमीटरच्या खोलीत हा फरक थोडा नव्हे.

आता आरसा काढला म्हणजे काय होते? भिंगातून आलेला प्रकाश सरळ सेन्सरवर पडतो. त्याच सेन्सरवर चित्र उमटते, तोच अंतर मोजतो, आणि त्याच्यावरची प्रतिमा विजेच्या छोट्या पडद्यावर आपल्या डोळ्याला दिसते. दोन वाटा होत्या त्यांची एक झाली. २००८ साली पॅनासॉनिकने जी१ हा असा पहिला, भिंगे बदलता येणारा आणि डोळ्याला लावायचा पडदा असलेला मिररलेस कॅमेरा बाजारात आणला. २०१३ मध्ये सोनीने ए७ या कॅमेऱ्यात ३५ मिलिमीटर फिल्मच्या आकाराचा सेन्सर बसवला. २०१८ साली निकॉन आणि कॅनन हे दोन्ही मातब्बर त्याच वाटेला लागले. या दोघांचे आरशाचे शेवटचे अग्रणी कॅमेरे २०२० चे. पेंटॅक्सने मात्र त्यानंतरही आरसा सोडला नाही, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

हा बदल मोजून पाहण्यासाठी एकाच घरची दोन भावंडे घेऊ. निकॉनचा डी८५० हा २०१७ चा आरशाचा कॅमेरा, आणि झेड७ हा २०१८ चा बिनआरशाचा. दोहोंच्या सेन्सरवर सारखेच, साडेचार कोटींवर चित्रकण. तेव्हा निघालेल्या चित्राच्या बारकाव्यात सांगण्याजोगा फरक नाही, आणि ही गोष्ट विकत घेणाऱ्याने आधी समजून घ्यावी. फरक वापरात आहे. बॅटरी आणि कार्डासह डी८५० भरतो सुमारे १००५ ग्रॅम, झेड७ सुमारे ६७५ ग्रॅम. डी८५० मध्ये फोकसचे बिंदू १५३, तेही मध्यभागी. झेड७ मध्ये ४९३, आणि ते उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी चौकटीचा सुमारे नव्वद टक्के भाग व्यापतात. शिवाय मे २०१९ मध्ये आलेल्या सुधारित आज्ञावलीने झेड७ ला माणसाचा डोळा ओळखून त्याच्यावर फोकस धरून ठेवण्याची विद्या दिली. सोनीच्या कॅमेऱ्यांत ती आधीपासून होती.

या विद्येचे कौतुक करावे तेवढे थोडे. चौकटीत चेहरा आला की यंत्र डोळा शोधते, त्याच्यावर एक लहानसा चौकोन ठेवते, आणि माणूस मागे-पुढे हलला तरी चौकोन त्याच्याबरोबर हलतो. खेळकर मूल घ्या, किंवा मान किंचित थरथरणारे वृद्ध गृहस्थ घ्या. यांचे पोर्ट्रेट पूर्वी कसलेल्या हाताचीही परीक्षा पाही. तेथे आता फोकसची चिंता बव्हंशी मिटली आहे. जाड काड्यांचा चष्मा, डोळ्यावर आलेली केसांची बट, कपाळावरून पुढे ओढलेला पदर, अशा ठिकाणी यंत्र अजूनही फसते, आणि डोळ्याऐवजी चष्म्याची कड धरते. तेवढी नजर ठेवावी लागते.

दुसरा लाभ प्रकाशाच्या अंदाजाचा. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचे सारे जग मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. आपल्याकडच्या एखाद्या शेतकरी आजोबांना खिडकीशी बसवा. रापलेला सावळा चेहरा, डोक्यावर पांढरीशुभ्र टोपी, अंगात पांढरा सदरा. मापक पांढऱ्याला भुलतो, चित्र गडद करतो आणि चेहरा काळवंडतो. आरशाच्या कॅमेऱ्यात छायाचित्रकार हे अनुभवाने ओळखी, आणि एक-दीड घर प्रकाश वाढवी. बिनआरशाच्या कॅमेऱ्यात चेहरा काळवंडलेला पडद्यावर आधीच दिसतो, आणि चाक फिरवताच उजळतानाही दिसतो. नवशिक्याला याहून चांगला शिक्षक मिळणार नाही. पडद्याचा स्वतःचा उजेड मात्र कमीजास्त करता येतो, म्हणून केवळ डोळ्यावर न विसंबता प्रकाशाचा आलेखही पाहावा.

इथवर आम्ही नव्याचे गुण गायले. आता त्याची दुसरी बाजू.

आरसा नाही म्हणून पडदा सतत जळतो, आणि बॅटरी खातो. ठराविक कसोटीने डी८५० एका बॅटरीवर १८४० चित्रे काढतो, तर झेड७ सुमारे ३३०. प्रत्यक्ष कामात दोन्हींची चित्रे याहून अधिक निघतात, पण प्रमाण लक्षात घ्या. दिवसभराच्या लग्नाला खिशात तीन-चार बॅटऱ्या हव्यात. भिंग बदलताना बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर उघडा पडतो. वैशाखातल्या आपल्या धुळीत ही काळजीची बाब आहे. स्टुडिओत फ्लॅश वापरणाऱ्याला पहिल्या दिवशी पडद्यावर काळोखच दिसतो. कारण फ्लॅश अजून उडालेला नसतो, आणि कॅमेरा त्याच्याशिवायचा उजेड इमानाने दाखवतो. पडद्यावर परिणाम दाखवण्याची सोय बंद केली म्हणजे हे दूर होते. आवाज न करणारे विजेचे शटर एलईडीच्या उजेडात वापरले, तर चित्रावर पट्टे उमटू शकतात. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, आणि पुष्कळसे दिवे तिच्याबरोबर सेकंदाला शंभर वेळा उजळतात-मंदावतात. डोळ्याला ते दिसत नाही, सेन्सरला दिसते.

जुन्या भिंगांचे काय, हा तर खिशाचाच प्रश्न. आरशाला वर उचलायला जागा लागे, म्हणून निकॉनमध्ये भिंगाची बैठक सेन्सरपासून ४६.५ मिलिमीटरवर होती; आता ती १६ मिलिमीटरवर आली. मधले ३०.५ मिलिमीटर भरून काढणारे कडे मिळते, आणि त्यावर जुने भिंग बसते. परंतु ज्या जुन्या भिंगांत स्वतःची मोटर नाही आणि कॅमेऱ्यातल्या मोटरीने ज्यांचा फोकस फिरे, ती निकॉनच्या या कड्यावर आपोआप फोकस करीत नाहीत. पोर्ट्रेटची कित्येक नामांकित जुनी भिंगे नेमकी याच जातीची आहेत. घेण्यापूर्वी आपल्या पेटीतले एकेक भिंग दुकानात नेऊन लावून पाहावे, हे उत्तम.

मग बदल करावा की नाही? ज्याचे बहुतेक काम स्टुडिओत, पडद्यासमोर, फ्लॅशच्या भरपूर उजेडात चालते, त्याला घाई नाही. ८५ मिलिमीटरचे तेच भिंग एफ ५.६ वर आणून माणूस दोन मीटरवर बसवला, तर रेखीव खोली सुमारे अठरा सेंटिमीटर मिळते. त्यात सारा चेहरा मावतो, आणि फोकसचा तो इंचाचा जुगार राहतच नाही. नवा कॅमेरा आणि भिंग मिळून लाखाच्या वरची गोष्ट. ती कर्जाने घेऊन, शेजारच्या स्टुडिओवाल्याने घेतली म्हणून घेऊन, गिऱ्हाइकाला त्या फोटोत तिळाएवढा फरक दिसणार नसेल, तर तो पैसा एखाद्या चांगल्या दिव्यावर आणि बसायच्या खुर्चीवर खर्चावा. उलट ज्याला घरोघर जाऊन खिडकीच्या उजेडात, लहान मुलांचे आणि वृद्धांचे फोटो काढायचे आहेत, भिंग उघडे ठेवून काम करायचे आहे, त्याला बिनआरशाचा कॅमेरा पहिल्या महिन्यातच आपली किंमत पटवून देतो.

परंतु मंडळी, एवढ्याने विषय संपत नाही. किंबहुना ज्यासाठी आम्ही येथे उभे आहोत, तो मुद्दा आता येतो. मघाशी एक जागा ध्यानात ठेवायला सांगितली होती: कॅमेऱ्याच्या शेजारची. पट्टीच्या काळातला छायाचित्रकार तेथे उभा राहून माणसाशी बोले. १९२९ मध्ये रोलायफ्लेक्स आला. तो पोटाशी धरून, मान खाली घालून पाहायचा. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंतही तो फार वापरात होता. त्यातही छायाचित्रकाराला मान वर करून समोर पाहता येई. आरसा आणि लोलक यांचा कॅमेरा मात्र डोळ्याला चिकटला, आणि छायाचित्रकाराचा चेहरा पूर्ण झाकून गेला. म्हणजे बसणाऱ्याच्या बाजूने विचार करा. आपल्यासमोर एक काळी पेटी आणि तिच्यातला काचेचा मोठा डोळा. त्या डोळ्याकडे पाहून हसा, म्हणून पेटीच्या मागून हुकूम येतो. कोणाला मोकळे हसू येईल?

कॅनडाचे यूसुफ कार्श यांनी ३० डिसेंबर १९४१ रोजी ओटावा येथे विन्स्टन चर्चिल यांचे छायाचित्र काढले, ते जगप्रसिद्ध आहे. कॅमेरा तिवईवर तयार होता. चर्चिल यांच्या तोंडातला सिगार सुटेना. कार्श पुढे झाले, त्यांनी अदबीने तो सिगार काढून घेतला, आणि चर्चिल यांच्या मुद्रेवर जो त्रागा उमटला तो त्याच क्षणी टिपला. युद्धाच्या ऐन कठीण काळात इंग्लंडचा निर्धार म्हणून जगाने तो चेहरा ओळखला. त्या क्षणी कार्श यांचा डोळा कोणत्याही यंत्राला चिकटलेला नव्हता. तो चर्चिल यांच्याकडे पाहत होता. फोकस आधीच करून ठेवलेला होता, म्हणून हे साधले.

बिनआरशाच्या कॅमेऱ्याने हीच जागा आपल्याला परत देऊ केली आहे. कॅमेरा तिवईवर लावा, डोळ्याचा माग त्याच्याकडे सोपवा, बटणाची दोरी किंवा रिमोट हातात घ्या, आणि शेजारी स्टूल घेऊन बसा. समोरच्या बाईंना त्यांच्या माहेरच्या गावाबद्दल विचारा, आजोबांना विहीर खणली त्या वर्षाबद्दल विचारा. त्या आपल्याकडे पाहतील, यंत्राकडे नाही. मान हलेल, हात हलतील. फोकस यंत्र पाहून घेईल. आपले काम एवढेच की, चेहरा स्वतःशी एकरूप झाला तो क्षण ओळखून बोट दाबायचे. दीडशे वर्षांच्या यंत्रप्रगतीने छायाचित्रकाराला पुन्हा माणसाशेजारी आणून बसवले, हा आमच्या मते या बदलाचा सर्वांत मोठा लाभ आहे. ज्यांच्याजवळ आरशाचाच कॅमेरा आहे त्यांनीही निराश होऊ नये. मघाचा एफ ५.६ चा हिशेब आठवा. फोकस एकदा पक्का करून, खुर्चीची जागा न बदलता, तेही असेच शेजारी बसू शकतात.

खेदाची गोष्ट ही की, लाभ समोर असून पुष्कळजण उलटीच वाट धरतात. नवा कॅमेरा सेकंदाला दहा-वीस चित्रे काढतो, पडद्यावर लगेच दाखवतो. मग छायाचित्रकार त्या पडद्यातच रमतो. शंभर फोटो काढतो, त्यांतला एक निवडू म्हणतो, आणि समोरचा माणूस ओशाळून बसून राहतो. पडद्यावर जे दिसते ते माणसाचे चित्र आहे. माणूस पलीकडे बसला आहे. त्याच्याकडे न पाहता काढलेल्या चित्रांतून निवड करायची ती कशाची?

आवाज न करणाऱ्या शटरबद्दलही एक शब्द. आरशाचा तो खट् असा आवाज पुष्कळांना दचकवी, विशेषतः मुलांना. तो गेला हे बरे झाले. पण त्या आवाजाने बसणाऱ्याला कळे की, फोटो निघाला, आता हललो तरी चालेल. आवाज बंद झाल्यावर आपण केव्हा टिपले जात आहोत हे त्याला कळेनासे होते. म्हणून आधी सांगावे, की आता मी फोटो घेणार आहे, आपण बोलत राहा. मग त्याचा संकोचही जातो, आणि त्याच्या नकळत काही घेतल्याचा दोष आपल्याकडे येत नाही.

रेखीवपणाचे वेड फार लागू नये म्हणून एक स्मरण देतो. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन ही १८१५ साली कलकत्त्यात जन्मलेली इंग्रज बाई. तिला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कॅमेरा मिळाला. तिचे फोकस मऊ असते म्हणून समकालीन जाणकारांनी नावे ठेवली. तरी १८६७ साली तिने काढलेला ज्योतिर्विद जॉन हर्शेल यांचा फोटो आजही पाहणाऱ्याला थांबवतो. त्या विस्कटलेल्या पांढऱ्या केसांत आणि त्या डोळ्यांत एक सारे आयुष्य दिसते. रेखीव डोळा यंत्र देईल. डोळ्यातला भाव बसणाऱ्याने द्यायचा असतो, आणि तो विश्वास वाटेल त्यालाच दिला जातो.

आपल्यापैकी कोणी विचारील, मोबाइल हातात असताना हा सारा खटाटोप कशाला? मोबाइलची आम्हांला अढी नाही. पण हिशेब पाहा. नाकाच्या टोकापासून कानापर्यंत साधारण बारा सेंटिमीटर अंतर. मोबाइल चेहऱ्यापासून चाळीस सेंटिमीटरवर धरला, तर कान बावन्न सेंटिमीटरवर. म्हणजे नाक कानाच्या मानाने सुमारे तीस टक्के मोठे उमटते. हेच दोन मीटरवरून पाहिले तर फरक सहा टक्क्यांवर येतो. आपण एकमेकांना बैठकीत ज्या अंतरावरून पाहतो, ते हेच दुसरे अंतर. म्हणून मोबाइलच असेल तर दोन पावले मागे जा, झूम करा, खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या, आणि माणसाला खुर्चीवर स्वस्थ बसवा. यंत्र कोणतेही असो, बसवल्याशिवाय पोर्ट्रेट होत नाही.

तात्पर्य सांगून आटोपतो. आरशाच्या कॅमेऱ्याने दीर्घकाळ इमानाने सेवा केली. आजही ज्याच्या हाती तो आहे त्याने तो टाकून देण्याचे कारण नाही. बिनआरशाच्या कॅमेऱ्याने फोकसची आणि उजेडाची चिंता आपल्या डोक्यावरून पुष्कळशी उतरवली. ती उतरल्यावर जे अवधान मोकळे झाले, ते समोरच्या माणसाला द्यायचे की पडद्याला, हे यंत्र ठरवीत नाही. आणि श्रोतेहो, आपणांपैकी ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे आहेत, त्यांना आमची एवढीच विनंती आहे की, ही व्याख्यानमाला संपण्यापूर्वी, सुटीत मुले-नातवंडे घरी आहेत तोवर, एखादी सकाळ काढावी. गावातल्या स्टुडिओवाल्याला घरी बोलवावे, किंवा आपणच कॅमेरा घ्यावा. आईला तिचे आवडते लुगडे नेसू द्यावे, वडिलांना हवी ती टोपी घालू द्यावी, आणि त्यांना बोलते करावे. फोटो काढून झाला की तो मोबाइलमध्ये न ठेवता कागदावर छापून घ्यावा, आणि त्यांच्या देखत भिंतीवर लावावा. आपला फोटो कसा आला आहे, हे सांगण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे.